घोड्याच्या केसांचा भाव

श्रावण लागला की आमच्या चाळीत दोनच विषय असतात. गणपतीला गावी कोण कधी निघणार, हा एक. आणि चाळ यंदा पडणार की पुढल्या वर्षी, हा दुसरा. डिलाईल रोडच्या आजूबाजूच्या चाळी एकेक करून गेल्या, त्यांच्या जागी टॉवर आले, त्या टॉवरच्या काचांत आमच्या गॅलरीतली वाळत घातलेली धुणी दिसू लागली, आणि आम्ही आपले आहोत तिथेच आहोत. उद्या पडायच्या घराचं दार रंगवण्यात काही अर्थ नाही, हे मला कळतं. ऐंशीला टेकलेल्या माझ्या आईला ते कळत नाही, किंवा कळूनही वळत नाही. "सणाक दार असा ठेवचा?" एवढं ती विचारते आणि विषय संपतो. म्हणून मी परवा लालबागला रंग आणि ब्रश आणायला गेले.

वाटेत मूर्तीचे कारखाने लागतात. ताडपत्रीच्या आडून ओल्या रंगाचा वास येतो आणि अर्धवट रंगवलेले गणपती रांगेत बसलेले दिसतात. कोणाचं पितांबर झालंय पण डोळे नाहीत, कोणाचे डोळे झालेत पण हात अजून पांढरे. हल्ली मोठ्या मूर्तींवर रंग फवारतात, पण बारीक कामाला ब्रश लागतोच. तिथे मी जरा रेंगाळते. दरवर्षीच रेंगाळते. का, ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

दुकानातल्या पोरसवदा मालकाने माझ्यापुढे दोन ब्रश ठेवले. रुंदी सारखी, मूठ सारखी, आणि एकाचा भाव दुसऱ्याच्या कितीतरी पट.

"हा एवढा महाग का रे?"

"मॅडम, तो नायलॉन आहे, हा ओरिजनल. असली केस."

"कोणाचे?"

"म्हणजे नॅचरल हो. वरनंच माल शॉर्ट आहे, त्यात आता गणपती. भाव चढणारच ना."

मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीण होते; नफा-तोट्याची गणितं फळ्यावर मांडण्यात माझा जन्म गेला. खरेदी किंमत, विक्री किंमत, शेकडा नफा, सगळं मी पोरांकडून घोकून घेतलं. पण केसांना भाव कसा येतो आणि तो चढतो का, हे कोडं मला पहिल्यांदा एका श्रावणात पडलं, ते अजून तसंच आहे. तेव्हा मी शाळकरी होते, आणि गिरण्या संपाने बंद होत्या.

बाबा साचेखात्यात होते. आमच्याकडे मागाला साचा म्हणतात, आणि कोण किती साचे चालवतो यावर त्याची ऐट ठरते. संप सुरू झाला तेव्हा थंडी होती आणि सगळे खुशीत होते. महिन्याभरात मिटेल, असं प्रत्येक जण दुसऱ्याला सांगायचा. मग उन्हाळा आला, मग आषाढ आला. कोणी म्हणे मालक वाकले, कोणी म्हणे मालकांना गिरण्या नकोच आहेत, त्यांना जमिनी हव्यात. कोणी म्हणे सरकार मध्ये पडतंय. प्रत्येकाचं म्हणणं ऐकताना मला ते पटायचं, आणि पुढचा माणूस बोलायला लागला की त्याचंही पटायचं. आषाढात बाबा लावणीसाठी गावी गेले. "गावाक हात कमी पडतत," असं म्हणाले. मुंबईत तेव्हा हातच हात होते, नुसते लोंबकळणारे.

ते गेले आणि आठवडाभरात आईने घरात गोण आणली.

ती गोण पेडणेकरांची. लालबागला एका चाळीच्या तळमजल्यावर त्यांचा ब्रशचा गाळा होता. साचे झाडायचे, यंत्रांवरचा कापसाचा भुगा काढायचे असे ब्रश ते गिरण्यांना पुरवायचे. गिरण्या थांबल्या तसे त्यांचेही हात थांबले. मग त्यांनी रंगाचे ब्रश करायला घेतले, मूर्तिवाल्यांसाठी आणि घरं रंगवणाऱ्यांसाठी. काम बायकांना घरी नेऊन करायला द्यायचे. गोणीत केसांच्या जुड्या असायच्या, दोऱ्याने बांधलेल्या: काळ्या, करड्या, काही पिवळट पांढऱ्या. सोबत पत्र्याच्या कड्या. जुडी सोडायची, केस लांबीप्रमाणे वेगळे करायचे, सगळ्यांची टोकं एका बाजूला आणायची, चिमूट भरून कडीत बसवायची आणि पाटावर ठोकून सारखी करायची. चिकटवणं आणि मूठ बसवणं पेडणेकर गाळ्यावर करायचे.

टोकं एका बाजूला आणणं हे खरं काम. त्या केसाचं एक टोक जाड असायचं, मुळाकडचं. दुसरं टोक बारीक होत जाऊन शेवटी फाटलेलं असायचं, दोन-तीन धाग्यांत. चाळीतल्या बायका त्याला फूल म्हणायच्या. फूल रंग धरून ठेवतं. एक जरी केस उलटा गेला तर रंगात ओरखडा उठतो, म्हणून पेडणेकर वरचेवर बजावायचे, "फूल वर, वहिनी, फूल वर." नजरेने फूल दिसायचं नाही. ते तळहातावर किंवा ओठावर फिरवून ओळखायचं. आई तळहातावर फिरवायची. मी एकदा ओठावर फिरवायला गेले तर हातावर फटका बसला.

पहिल्याच दिवशी मी पेडणेकरांना विचारलं होतं, "हे केस कोणाचे?"

त्यांनी आधी आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "घोड्याचे गो. असली घोड्याचे."

घोडा म्हणजे राजबिंडं जनावर. मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले की आमच्या घरी घोड्याचे केस आहेत. माझ्या मैत्रिणीला, समोरच्या खोलीतल्या सुमनला, मोठा प्रश्न पडला की एवढे केस द्यायला घोडे आहेत कुठे. उत्तर आमच्या उशाशीच होतं. महालक्ष्मीचं रेसकोर्स आमच्यापासून चालत जाण्यासारखं. एका दुपारी, पावसाने उसंत घेतली तशा आम्ही दोघी शेपट्या कापलेले घोडे बघायला निघालो. जाऊन बघतो तर काय, नुसतं हिरवंगार मैदान आणि त्यात साचलेलं पाणी. फाटकाशी छत्री घेऊन बसलेला भय्या म्हणाला, "घोडा लोग तो पूना गया. बारिश में इधर क्या करेगा?"

परत येताना सुमनने सगळा उलगडा करून टाकला. घोडे पुण्याला, म्हणून केस पुण्याहून येणार. पुण्याहून येणार म्हणजे भाडं पडणार. म्हणूनच पेडणेकर म्हणतात भाव चढला. मला हे इतकं चोख वाटलं की पुढच्या खेपेला मी पेडणेकरांना विचारलंच, पुण्याहून येतात ना?

"हां हां," ते म्हणाले, "पुण्यासून पण येतत."

त्या 'पण'मध्ये मी कितीतरी दिवस अडकून पडले होते.

भाव ते दर खेपेला सांगायचे. आई काही माल विकत घेत नव्हती, तिला भरणावळ, म्हणजे ब्रश भरायची मजुरी मिळायची, पण जुडी तिच्या हातात देताना भाव सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. भाव लांबीवर. बोटाच्या एका पेराएवढा केस जवळजवळ फुकट. दोन पेरांएवढा झाला की त्याला किंमत. अख्ख्या बोटाएवढा केस म्हणजे सोनं. काळ्याचा भाव वेगळा, पांढऱ्याचा वेगळा. सुमन आणि मी एकमेकींच्या वेण्या धरून हिशेब करायचो की आपण आत्ता केवढ्याच्या असू. सुमनची वेणी कमरेखाली जायची, त्यामुळे ती भलतीच श्रीमंत निघायची.

आणि तो भाव चढतच होता. मला हे कळेना. गिरण्या बंद म्हणजे गिरण्यांचे ब्रश बंद, म्हणजे केस पडून राहायला हवेत, म्हणजे स्वस्त व्हायला हवेत. मी हे पेडणेकरांना विचारलं तर ते आईला म्हणाले, "वहिनी, चेडवाक वकील करा." कारण मात्र दर खेपेला नवं असायचं. पाऊस झाला, वरून माल सुटला नाही. बाहेरच्या देशातला माल बंद झाला, तिकडचे लोक आता इथला उचलतात. माल आहे पण आखूड आहे. गणपती जवळ आले, मूर्तिवाले थांबायला तयार नाहीत. यातलं खोटं कोणतं होतं? कदाचित कोणतंच नाही. कदाचित सगळी कारणं एकाच वेळी खरी असतील आणि तरीही भाव चढण्याचं कारण त्यांच्याबाहेरच कुठेतरी असेल. संपाबद्दलही मला असंच वाटायचं. एक मात्र चोख होतं: भाव चढला की "आता भरणावळ कशी वाढवू?" आणि भाव उतरला की "माल उठत नाय, भरणावळ कशी वाढवू?" हे गणित मी पुढे कुठल्याही पाठ्यपुस्तकात पाहिलं नाही.

केस महाग झाले तसा पेडणेकरांचा तराजूही डोळ्यांत तेल घालून बघायला लागला. गोण द्यायची ती वजन करून. परत घेताना भरलेले ब्रश, उरलेल्या जुड्या आणि मोडक्या केसांचा चुरा, सगळं मिळून तेवढंच भरायला हवं. एका शनिवारी ते कमी भरलं. पेडणेकरांनी वजनं बदलून पाहिली, पारडं पुसून पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, तुमी तसले नाय, माका म्हायत आसा. पण माल कमी भरता."

गाळ्यात आणखी बायका होत्या. सगळ्या आमच्याकडे बघायला लागल्या. आईच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या.

"पेडणेकरानू," ती म्हणाली, "केस मी जेवणात घालूक नाय."

कोणीतरी हसलं, पण पेडणेकर हसले नाहीत. एवढा माल कमी येणार असेल तर पुढची गोण देता येणार नाही, असं ते हळूच बोलले. ती गोण गेली असती तर आमची चूल गेली असती. गावाहून बाबांचं पत्र यायचं, त्यात पाऊसपाण्याची खबर असायची, बाकी काही नसायचं. माझी शाळाही त्या गोणीवरच चालली होती. मला वाटलं, आई रडेल. पण ती घरात आली, गोण ठेवायच्या जागी बसली आणि कोरड्या फरशीवर नुसता हात फिरवत राहिली. मग उठून तिने चुलीकडे बघितलं.

पेडणेकरांचा गाळा ओलसर. भिंतींना पाणी सुटलेलं, गोणी फरशीवर. केस ओल धरतात. आमच्याकडे गोण ठेवलेली चुलीच्या बाजूला, कोरड्या जागी, माल खराब होऊ नये म्हणून. इमानदारीने जपलेला माल वाळून हलका झाला होता. पुढची गोण कशीबशी मिळाली, ती आईने मोरीच्या कठड्यावर ठेवली. परत देताना काटा बरोबर भरला. एकदा तर जरा जास्तच भरला आणि पेडणेकरांनी आईला शाबासकी दिली. आई मूग गिळून बसली. यात चोर कोण, हे मी पुढे वर्गात मुलांना नफा-तोटा शिकवताना मनातल्या मनात कितीदा सोडवून पाहिलं. उत्तर येत नाही.

त्या वर्षी आम्ही गणपतीला गावी गेलो नाही. माझ्या आठवणीत तसं पहिल्यांदाच झालं. मूर्तिवाल्यांची घाई ऐन भरात होती आणि आईने गोण सोडली असती तर ती दुसरीच्या घरी गेली असती. चाळ निम्मी रिकामी झाली. आई आणि मी संध्याकाळी कारखान्यांपाशी जाऊन उभ्या राहायचो. रंगारी परातीत ब्रश बुडवून गणपतीच्या पायांवर हात मारायचा, आणि आई त्याच्या हाताकडे बघत मला म्हणायची, "तो आमचो." गणपती नव्हे, ब्रश. ती कडीकडे बघून आपलं काम ओळखायची. मला फार अभिमान वाटायचा. आपल्या घोड्यांच्या केसांनी देवाला रंग लागतोय, असं.

विसर्जन झाल्यावर बाबा आले. तांदूळ, आमसुलं, कुळथाची पिठी, आणि उन्हाने काळा पडलेला चेहरा घेऊन. आता इथे बाबांविषयी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाबांचं सोवळं आमच्या घरात सगळ्यात कडक. गावात रानडुकराची शिकार व्हायची आणि रीतीप्रमाणे घराघरात वाटा यायचा. तो वाटा आमच्या चुलीवर चढला की बाबा त्या दिवशी घरात पाणीदेखील प्यायचे नाहीत; भावकीतल्या दुसऱ्या घरी जाऊन जेवायचे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आजोबांनी तसं केलं म्हणून तेही, एवढंच.

बाबांनी पिशव्या ठेवल्या, पाय धुतले, आणि मोरी धुवायची म्हणून त्या दिवशी देवाच्या फळीखाली सरकवलेली गोण बघितली. आई नळावर गेली होती. त्यांनी एक जुडी उचलली, एक केस ओढून काढला, टोक अंगठ्यावर घासलं. मग दुसरा काढला. साच्यावर तुटलेला धागा शोधायची सवय असलेली त्यांची बोटं. ती एकदम थांबली.

"बेबी," ते म्हणाले, "ह्ये कसले केस म्हणान सांगितला पेडणेकरान?"

"घोड्याचे."

"आवशीक पण ताच सांगितला?"

"हो, आईलाही."

ते मला गॅलरीत घेऊन गेले. खाली डिलाईल रोडवर सभेला निघालेली माणसं दिसत होती, दोघं-चौघं, पूर्वीसारखी रांग नव्हती. बाबा कठड्यावर हात ठेवून तिकडेच बघत होते.

"घोड्याच्या केसाक फूल नसता," ते म्हणाले. "घोड्याचो केस सरळसोट. ह्ये डुकराचे. आमच्या खात्यात ह्येच ब्रश येयत. थंय गिरणीत मी धरी, काम तां काम. पण हंय देवाखाली..."

मला पहिल्यांदा हसू आलं, कारण मला शाळेत सगळ्यांना सांगितलेले घोडे आठवले. मग बाबांचा चेहरा पाहून भीती वाटली. हे आता गोण उचलून खाली फेकतील, असं मला वाटलं. फेकली असती तर आम्ही काय खाल्लं असतं, हे मला ठाऊक होतं, आणि त्यांनाही ठाऊक होतं. वाईट म्हणजे, त्यांना ते ठाऊक आहे हे मला दिसलं, आणि मला दिसलंय हे त्यांच्या लक्षात आलं.

"गणपतीक रंग ह्याच केसांनी लावतत," ते म्हणाले. मला विचारल्यासारखं म्हणाले. "त्येका चलता." मग थोड्या वेळाने, "आवशीक सांगू नको. ती बिचारी घोड्याचे म्हणान भरता. तिका समाजला तर हात लावची नाय. शपथ घे."

मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. मग आत जाऊन बाबांनी पुन्हा एकदा पाय धुतले आणि आई आल्यावर जेवायला बसले. गोणीकडे पाठ करून बसले, पण बसले. मी त्यांच्या ताटाकडे बघत होते. ते सगळं जेवले.

मग दसरा आला. खंडेनवमीला गिरण्यांत यंत्रांची पूजा व्हायची. साच्यांना झेंडूच्या माळा, खात्याखात्यात प्रसाद, बायकापोरांना आत जाऊन बाबांचा साचा बघायची त्या एका दिवशी मुभा. त्या वर्षी गिरणीच्या दाराला कुलूप. बाबा सकाळपासून उगाच कपाटं आवरत होते. घरात त्यांचा साच्यावर वापरायचा लोखंडी हूक होता, तेवढाच. आईने पाट मांडला, त्यावर हूक ठेवला. मग काय मनात आलं कोण जाणे, तिने पत्र्याची एक कडी ठेवली, आपली कात्री ठेवली, आणि शेजारी केसांची एक जुडी ठेवली. सगळ्यात लांब, पिवळट पांढरी, त्या वेळी सोन्याच्या भावाची.

"ह्या पण हत्यारच," ती म्हणाली. "पूजा तुमी करा."

बाबांनी हुकाला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. कात्रीला लावलं. कडीला लावलं. जुडीपाशी त्यांचा हात आला आणि तिथेच राहिला. मी बाबांकडे बघत होते. आई बाबांच्या हाताकडे बघत होती. समईची वात चरचरली. मला वाटलं, आता सांगतील. मग बाबांनी बोट बुडवलं, जुडीला हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि पाटाला डोकं टेकलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ टेकलं. उठताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते बंद गिरणीसाठी होतं की मोडलेल्या नेमासाठी, की आणखी कशासाठी, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. मला फक्त त्यांना मिठी मारावीशी वाटली. पण आमच्या घरात तशी पद्धत नव्हती, म्हणून मी प्रसाद वाटायला घेतला.

दुसऱ्या दिवसापासून बाबा आईसोबत पाटावर बसले. तुटका धागा शोधणारी बोटं केसाचं फूल डोळे मिटून शोधायची. आईपेक्षा त्यांचे ब्रश जास्त भरायचे, आणि त्यावरून आई त्यांना चिडवायची.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. संप कधी मिटला, हे कोणी सांगू शकत नाही, कारण तो मिटलाच नाही. माणसं एकेक करून त्याच्यातून उठून गेली. बाबा वरळीला एका इमारतीच्या दारावर वॉचमन झाले. आणि केसांचा भाव चढून चढून एक दिवस एवढा झाला की पेडणेकरांनी नायलॉन आणला. आधी केसांत चिमूटभर मिसळून, मग निम्मा, मग सगळाच. नायलॉनला मूळ नाही आणि फूलही नाही, कसाही भरा. मग हाताने भरायला माणसं तरी कशाला लागतात? गाळा गेला, पेडणेकर गावी गेले, गोण यायची थांबली. ज्या भावाने आमचं घर चालवलं त्यानेच ते काम संपवलं. मी हे सरळ मांडून लिहिलं खरं, पण वाचून पाहिलं तर अजूनही पचनी पडत नाही.

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची शपथ मी पाळली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या घरातल्या मुठीत एक जुडी होती, आणि ती मी एकटीनेच झाकून धरली आहे, असं मी इतकी वर्षं समजत होते.

तर परवा मी तो महागातला ब्रश घेतला. का घेतला, विचारू नका. पडणाऱ्या घराच्या दारासाठी नायलॉनही पुष्कळ झाला असता. घरी आले तर आई पलंगावर बसून वाती वळत होती. समोरच्या भिंतीवर बाबांचा फोटो, चंदनाचा हार घातलेला.

"बघू गो," तिने हात पुढे केला. डोळ्यांना आता तिला फारसं दिसत नाही. तिने ब्रश घेतला, केस तळहातावर एकदा फिरवले, पुन्हा फिरवले, आणि तिच्या तोंडावर हसू पसरलं.

"डुकराचो," ती म्हणाली. "असली आसा. फूल बघ कसा आसा."

"आई, तुला कसं कळलं?"

"कसा म्हणजे? गोणभर गोणभर भरलंय. माझ्या माहेराक डुकराची शिकार होय, मी काय डुकराचो केस बघूक नाय? पेडणेकरान पयल्याच दिवशी माका सांगितला. मीच त्येका म्हटलंय, घरात कोणी विचारल्यान तर घोड्याचे म्हणान सांगा."

"पण का?"

"का म्हणजे? हे जेवले नसते."

मग तिने एकदम फोटोकडे मान वळवली, ब्रश पदराखाली घेतला आणि आवाज खाली आणून मला म्हणाली, "हळू बोल. तेंका अजून घोड्याचेच वाटतत."

मी बाबांकडे पाहिलं. माझा हात गळ्यापाशी गेला होता. आई ब्रश पदराखाली धरून माझ्या बोलण्याची वाट बघत होती.

"नाही सांगत," मी म्हणाले.

दोघांनाही म्हणाले. मग तिच्या हातातून ब्रश घेतला, रंगाचा डबा उघडला, आणि दार रंगवायला घेतलं.